उंच टायर, हिरवे नट

माझं पोस्टिंग बेळगावच्या कॅम्पात, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. रँक लान्स नाईक, ट्रेड ड्रायव्हर. ताब्यात पंधरा हंड्रेडवेटची, म्हणजे पाऊण टन माल नेणारी एक गाडी. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा. आज ज्याला पिकअप म्हणतात तीच जात, फक्त दिसायला जास्त कुरूप.

सकाळी साडेपाचला पीटी. साडेसहाला चहा. सातला मेंटेनन्स परेड. तेल, पाणी, हवा, ग्रीस. मी ड्रायव्हर बरा होतो, असं माझ्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. आणखी काय लिहिलेलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता गाड्यांचे टायर बदलायची ऑर्डर निघाली. स्टोअरमध्ये दोन तऱ्हेचे टायर होते. एक रुंद, गुबगुबीत, वाळवंटासाठी बनवलेले. ते बेळगावात का आले, हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक. दुसरे उंच, अरुंद, कडेला खोल दातरे असलेले. उभे केले की मांडीपर्यंत येत. दिसायला वाळलेल्या गड्यासारखे. रिमवर दोन्ही बसत होते. ड्रायव्हरनं पसंत करायचं आणि सही करायची.

मी रुंद टायरवर हात ठेवला. शेजारी नाईक दत्तू सुतार उभा होता. आमच्या कंपनीचा फिटर, माझ्याच भरतीचा. निपाणीजवळच्या खेड्यातला. बाप बैलगाड्यांची चाकं करायचा.

"परशा, ते नगं घेऊ," दत्तू म्हणाला.

"का रं?"

"बैलगाडीचं चाक उंच आन् अरुंद का करत्यात, सांग बघू."

"तुझ्या बाला लाकूड कमी पडतंय म्हणून."

स्टोअर हवालदार हसला. दत्तू हसला नाही. "काळ्या रानात रुंद चाक माती डोक्यावर घिऊन फिरतंय. अरुंद चाक चिखल कापतंय आन् खाली मुरमाला पाय टेकतंय. आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतंय हे."

"ही मोटार हाय, दत्तू. हिला शेपूट न्हाय."

मी गुंजीकडचा. आमची माती तांबडी. पावसात चाललं की पाय उलट स्वच्छ होतात. काळी माती मी आगगाडीच्या खिडकीतून पाहिली होती आणि तेवढ्यावर माझं मत ठाम होतं. शिवाय रुंद टायर चढवल्यावर माझी गाडी बेंदराला सजवलेल्या बैलासारखी दिसायला लागली. मी सही केली. कंपनीत रुंद टायरची गाडी एकटी माझी.

पुढच्याच आठवड्यात ब्रिगेडियर साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. इथं थोडं थांबून चाकाबद्दल सांगायला हवं. आमच्या गाड्यांची रिम दोन ताटं समोरासमोर जोडावीत तशी दोन भागांची असे. मधल्या गोलातले नट चाक गाडीला धरून ठेवत. बाहेरच्या गोलातले नट ही दोन ताटं एकमेकांना धरून ठेवत. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले, तर ताट उडतं आणि समोरच्याचं डोकं घेऊन जातं. म्हणून बाहेरचे नट लाल रंगाचे असत. हा धडा ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवत. मीही शिकलो होतो.

तरी मी ते नट हिरवे रंगवले. गाडी हिरवी, चाक हिरवं आणि मध्येच हे लाल ठिपके, म्हणजे गोवर उठल्यासारखं दिसत होतं. दत्तू तेव्हा दहा दिवसांच्या रजेवर होता, नाहीतर त्यानं ब्रश माझ्या डोक्यात घातला असता. ब्रिगेडियर साहेब माझ्या गाडीपुढे थांबले. "व्हेरी स्मार्ट," म्हणाले. दुपारपर्यंत कंपनीतल्या आणखी अकरा गाड्यांचे नट हिरवे झाले. लष्करात चांगली गोष्ट पसरायला वेळ लागतो, हे खोटं आहे.

यानंतर नवव्या दिवशी सकाळी सात चाळीसला कॅप्टन साहेबांनी मला बोलावलं. हातात तार होती. आदल्या संध्याकाळी निपाणीच्या पोस्टातून केलेली. निपाणीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून सात मैल आत, आमच्या लोकांची मोजणीची एक तुकडी तंबू ठोकून होती. पाच माणसं. दोन हिवतापानं पडलेली आणि तिसऱ्याच्या पोटात असह्य दुखत होतं. त्याला बैलगाडीत घालून पाहिलं. धक्क्यांनी त्याची शुद्ध गेली. परत तंबूत नेला.

"अपेंडिक्स होगा," साहेब म्हणाले. "डॉक्टर बोलता है, आज शाम तक हॉस्पिटल. ॲम्ब्युलन्स भारी है, रोड के बाहर नहीं जायेगी. तुम जायेगा. साथ में फिटर."

"जी साब."

"कितना टाइम?"

"चार बजे वापस, साब."

आणखी एकदा विचारलं असतं तर मी तीनही म्हणालो असतो.

आठ वाजता निघालो. आदल्या रात्रीच रजेवरून परतलेल्या दत्तूनं हौद्यात गवताचे भारे, चार ब्लँकेटं आणि चार उंच टायर टाकले.

"हे कशाला?"

"बसायला," दत्तू म्हणाला.

काकती, संकेश्वर, तवंदीचा घाट. रस्ता चांगला होता. मी शीळ घालत होतो. सव्वादहाला मोठा रस्ता सोडून गाडीवाटेला लागलो. दोन्ही बाजूंना तंबाखूची रानं. दोन दिवस हस्ताचा पाऊस कोसळून त्या सकाळीच उघडला होता.

पहिले शंभर यार्ड गाडी झकास गेली. मी दत्तूकडे पाहिलं. तो समोर बघत होता. मग स्टीअरिंग हलकं लागायला लागलं. मग गाडी माझं ऐकेना. माती टायरला चिकटली, टायरवरच्या मातीला आणखी माती चिकटली, आणि चाकं जात्याएवढी जाड झाली. मडगार्ड भरलं. चाक फिरायचं थांबलं. इंजिन तेवढं ओरडत होतं. दहा तीसला आम्ही रस्त्यापासून दोन फर्लांगांवर उभे होतो. काळी माती चिकटली की ती सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, हलायचं नावच नाही.

"ही मोटार हाय," दत्तू म्हणाला. "हिला शेपूट न्हाय."

जवळच्या वस्तीवरून एक म्हातारा शेतकरी दोन बैलजोड्या घेऊन आला. चाकांकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

"ही चाकं कुणी पसंत केली?"

दत्तूनं माझ्याकडे बोट केलं.

"गाव कुठलं पावनं?"

"गुंजी."

"मग बरोबर हाय," म्हातारा म्हणाला आणि बैलांना जू लावायला लागला.

सव्वाअकराला बैलांनी गाडी मागे ओढून रस्त्याकडेच्या मुरमावर आणली. तिकडे सात मैलांवर एक माणूस कण्हत पडला होता आणि आमचा एक तास गेला होता. चार वाजता परत हा माझा शब्द होता. मला घाई झाली. लाजही वाटत होती. लाज आणि घाई एकत्र आली की माझ्या हातून काहीतरी होतंच.

दत्तू पुढच्या चाकाला जॅक लावत होता. मी मागच्या चाकाशी पाना घेऊन बसलो. चाक काढायचं, मग हवा सोडायची, मग रिम उघडायची. क्रम मला पाठ होता. चिखलानं सगळं चाक माखलेलं. हातानं पुसलं. नट दिसले. हिरवे. सगळेच हिरवे. मी पाना लावला आणि जोर दिला. एक नट निघाला. दुसरा निघाला. तिसरा थोडा फिरला आणि चाकातून कर्र आवाज आला.

दत्तूचा आवाज आला, अगदी हळू. "परशा. पाना सोड."

"का?"

"सोड. उठू नगंस. बसल्या बसल्या बाजूला सरक. चाकासमोर येऊ नगंस."

मी सरकलो. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, मी बाहेरच्या गोलातले नट सोडत होतो. टायरमध्ये पूर्ण हवा होती. एवढा वेळ माझं तोंड त्या चाकापासून एक हातावर होतं.

म्हाताऱ्याला दत्तूनं बैलांसकट लांब घालवलं. मग तो स्वतः गाडीखाली पालथा पडला आणि मागच्या बाजूनं सरकत चाकापर्यंत आला. डोकं ॲक्सलच्या आड, फक्त एक हात बाहेर. बोटांनी चाचपून त्यानं व्हॉल्व्ह शोधला. मी म्हणालो, "मी करतो, चूक माझी हाय." तो म्हणाला, "तू कायबी करू नगंस. आज तू लई केलंयस." व्हॉल्व्हची सुई निघाली. हवा सुटायला लागली. टायर पूर्ण बसेपर्यंत चार मिनिटं लागली असतील. त्यानं हात काढला नाही. मी घड्याळ पाहिलं नाही. या एका वेळेची नोंद माझ्याकडे नाही.

मग तो बाहेर आला. कोपरानं तोंड पुसलं. चाकाकडे पाहिलं.

"लाल रंग कुठं गेला रं?"

"इन्स्पेक्शनला."

तो खाली बसला आणि हसायला लागला. मीही हसलो. हसताना पाना दोनदा हातातून पडला.

पुढचं काम दत्तूनं सांगितलं तसं केलं. आधी हवा सोडायची, मग चाक काढायचं, मग रिम उघडायची. उंच टायरच्या आत, ट्यूब चिकटू नये म्हणून, शंखजिऱ्याची पूड मारायची, ट्यूब बसवायची, तिला पीळ पडू नये म्हणून थोडी हवा द्यायची. रिमची दोन ताटं जोडायची. नट समोरासमोरचे आवळायचे, एका बाजूनं ओळीनं नाही. मग पूर्ण हवा भरायची. दत्तू आवळायचा, मी पंप मारायचो. चार चाकं. बारा पस्तीसला गाडी उंच टायरवर उभी राहिली. लांब पायांच्या बगळ्यासारखी दिसत होती. मला फार सुंदर वाटली.

तीच वाट, तोच चिखल. टायर वीतभर खाली गेले आणि टेकले. खाली मुरूम लागला तो स्टीअरिंगमध्ये कळला. दातऱ्यांतली माती आपोआप गळून पडत होती. मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवली आणि पुन्हा कुठं थांबलो नाही. दत्तूनं "बघ, सांगितलं न्हवतं?" असं एकदाही म्हटलं नाही. त्यानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पावणेदोनला तंबूशी पोचलो. आजारी होता शिपाई मल्लाप्पा, वडगावच्या विणकराच्या घरातला. वय वीस. पोट लाकडासारखं कडक. अंगात ताप. आम्ही हौद्यात गवत पसरलं, वर ब्लँकेटं घातली आणि त्याला निजवलं. दत्तूनं धक्के कमी बसावेत म्हणून मागच्या टायरची थोडी हवा सोडली आणि स्वतः मागे बसला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन.

"अण्णा, वाचतो का मी?" मल्लाप्पानं विचारलं.

"पुढं गाडी चालवतोय त्याच्यापेक्षा जास्त वाचशील," दत्तू म्हणाला.

तीन पंधराला मोठ्या रस्त्यावर. टायरमध्ये हवा भरली. पाच चाळीसला कॅम्पातलं हॉस्पिटल. स्ट्रेचर आत गेलं. सर्जन साहेब बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "अच्छा किया. अब जाओ, गाडी धोओ." मल्लाप्पा वाचला.

सहा वाजता मी कॅप्टन साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. टायर, चिखल, नट. सांगायची गरज नव्हती. दत्तूनं सांगितलं नसतं.

"बाकी गाडियाँ?" साहेबांनी विचारलं.

"अकरा, साब. उन्होंने मेरा देखकर किया."

"लाल पेंट लो," साहेब म्हणाले. "बारा गाडी. तुम अकेला."

मला दोन दिवस लागले. बारा गाड्यांचा एकूण एक नट मी रंगवला. दत्तू मुद्दाम येऊन बघून जायचा. "हितं राहिलाय बघ एक," म्हणायचा. राहिलेला नसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची बदली बर्माच्या आघाडीवर झाली. मला रंगरुटांना गाडी शिकवायला बेळगावातच ठेवलं. यात सरकारनं काय विचार केला असेल, ते मला आजही कळलेलं नाही. तिथंच दत्तू मारला गेला. सकाळची वेळ होती. एका डोंगरी रस्त्यावर, बंद पडलेली गाडी दुरुस्त करत असताना, तोफेचा गोळा जवळ पडला. त्याच्यासोबत ड्रायव्हर आणि एक शिपाई. तिघेही जागीच गेले. गाडीत जखमी होते. ते वाचले, असं नंतर त्यांच्या हवालदारानं मला सांगितलं.

लढाई संपल्यावर मी आणि मल्लाप्पा दत्तूच्या गावी गेलो. त्याचे वडील, आप्पा, दारात बसून चाकाचा मधला तुंबा तासत होते. आम्ही नावं सांगितली. त्यांनी काम बाजूला ठेवलं. कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना कागदानं कळलं होतं.

"कामाला कसा हुता?" त्यांनी विचारलं.

मग मी त्यांना ही सगळी हकिकत सांगितली, इथं लिहिली तशीच. रंग दिल्याचं सांगितलं तेव्हा म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "हिरवा?" पुन्हा पुन्हा विचारायचा. "हिरवा दिलास?"

"आन् त्यो पोरगा? पोटवाला?"

"मीच, आप्पा," मल्लाप्पा म्हणाला.

आप्पांनी त्याला जवळ बोलावलं. मल्लाप्पानं सदरा वर केला. आप्पांनी धोतराला हात पुसला आणि ऑपरेशनच्या व्रणावरून अंगठा फिरवला, वरून खाली, जोड तपासावा तसा.

"बरा बसलाय," म्हणाले.

मग त्यांनी आत आवाज दिला, दोन पानं जास्त वाढा म्हणून. हात मात्र बराच वेळ तिथंच होता.