गणेशपुरीच्या पाहुणीचं गाव

नव्वदच्या दशकात मी भिवंडीतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या कामांची यादी करायची आणि ती संपवूनच टेमघरला घरी जायचं, हा माझा नेम. एके दिवशी यादीत नसलेलं काम गणेशपुरीच्या एसटीतून उतरून थेट माझ्या टेबलाशी आलं. आश्रमात राहणारी एक आयरिश बाई. पन्नाशीची, सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट.

"दीदी, मेरी माँ के दादा का गाँव ढूँढना है," ती म्हणाली. हिंदी आश्रमात शिकलेलं, पण स्वच्छ.

"मग ते तुमच्या देशात शोधा की."

ती हसली आणि तिने फाईल उघडली. तिच्या देशातल्या राष्ट्रीय ग्रंथालयात म्हणे एक खास खोलीच आहे. कोणीही जावं, आपल्या पूर्वजांबद्दल माहीत असेल तेवढं सांगावं, पुढे कुठे शोधायचं ते तिथली माणसं फुकट सांगतात. मला त्या खोलीचा हेवा वाटला. आमच्याकडे लोक फार तर पेपर वाचायला येत. त्या माणसांनी तिला राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवलं आणि तिथे आईच्या आजोबांचा पत्ता लागला, तो इथला. शंभर वर्षांपूर्वी मुंबईला पाणी नेणारा मोठा पाइप टाकताना ते कामावर देखरेख करत होते, आणि शेलार गावाच्या पुढच्या छावणीत तापाने गेले.

पण ते मूळचे कुठल्या गावचे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या आडनावाची माणसं तिकडे गावोगाव, आणि चर्चच्या जन्माच्या वह्या गाववार. "गावाचं नाव आणा, पुढचं आम्ही बघतो," असं ग्रंथालयाने सांगितलं होतं. त्यात त्यांच्या मोठ्या दुष्काळाला दीडशे वर्षं होत होती. तिथल्या एका संग्रहालयाच्या मदतीने गावागावांत स्मरणाचे कार्यक्रम होते, देश सोडून गेलेल्यांची नावं तिथे वाचली जाणार होती. तिची आई ऐंशीची. तिचं एकच म्हणणं, मी कुठल्या गावात जाऊन उभी राहू?

आजोबांच्या थडग्यावर गावाचं नाव कोरलेलं असेल, अशी बाईंना आशा होती. त्या पाइपच्या कडेच्या पाड्यावर एकट्या जाऊनही आल्या होत्या, पण तिथे कोणी तोंडच उघडेना.

रविवारी मी सोबत गेले. ओट्यावर पाड्यातले एक वयस्क जमीनदार बसले होते. शेजारी त्यांची बायको तांदूळ निवडत होती. मी पद्धतशीर सुरुवात केली. फाईल उघडली, शिक्का मारलेल्या प्रती मांडल्या आणि विचारलं, पाइपच्या कडेची जमीन पूर्वी कोणाकडे होती?

"हितं कोनी गोरा मेला न्हाय," म्हातारे म्हणाले. गोऱ्याचं मी अजून नावही काढलं नव्हतं.

"गोरा काय, काला पन न्हाय," बायकोने पुस्ती जोडली.

चहा आला नाही. आमच्या भागात पाहुण्याला चहा नाही म्हणजे काहीतरी बिनसलं आहे. मी म्हाताऱ्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं, तर ती शिक्क्यावर. मग उजेड पडला. गोदामं उठायला लागल्यापासून इथल्या जमिनीला सोन्याचा भाव आलेला. पणजोबाचा कागद घेऊन दारात आलेला अनोळखी माणूस म्हणजे वारस, आणि वारस म्हणजे कोर्ट.

मी फाईल मिटून पिशवीत घातली. "दादा, ही जमीन मागायला आलेली नाही."

"सगली आसंच बोलतान. मंग मडम येवऱ्या लांब कशाला आयली?"

"तिकडे दुष्काळात परागंदा झालेल्यांची आठवण करतायत. ज्याने त्याने आपल्या गावात उभं राहून पूर्वजांचं नाव घ्यायचं. हिच्या आईला गावच माहीत नाही."

बायकोचा हात सुपात थांबला. "म्हंजे पितरांचं काम हाय? आन गावच ठावं न्हाय? मंग त्या म्हातारीनं पान कुठं ठेवायचं?" ती नवऱ्याकडे वळली. "तू सांगतोस का मी सांगू?"

म्हाताऱ्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "एक दगड हाय. हिरीवर."

विहिरीवर बायका त्याच दगडावर धुणं आपटत होत्या. म्हाताऱ्यांच्या वडलांनी तो पाइपच्या कडेच्या झुडपातून आणला होता, चांगला सपाट म्हणून. अक्षरांनी लुगडी फाटायला लागली, तेव्हा अक्षरांची बाजू खाली केली. म्हातारे हे सांगत असतानाच त्यांचे मुलगे पहारी घेऊन आले, पण बायका हटेनात.

"मडमीचा आजा शंभर वरसं थांबला, आमचं धुनं व्हईपर्यंत थांबल की," एक म्हणाली.

मी ते भाषांतर करून सांगितलं. बाई इतक्या हसल्या, की शेवटी पदर खोचून त्यांनीच दोन चादरी पिळल्या.

मग दगड उलटला. काथ्याने घासल्यावर चिखलातून अक्षरं वर आली. आधी नाव, त्याखाली आणखी एक ओळ. बाईंनी ती बोटाने वाचली आणि ओल्या जमिनीवर बसकण मारली. "दीदी, गाँव है."

आता चहा आला, बरोबर तांदळाच्या भाकऱ्याही. दगड विहिरीपासून जरा दूर उभा करायचं ठरलं, आणि धुण्यासाठी खाणीतला नवा आणायचं.

तिथून आम्ही थेट भिवंडीतलं एसटीडी बूथ गाठलं. म्हातारे धुतलेली टोपी घालून बरोबर आले. "आमच्या हिरीवर गावलाय, मी येनारच."

तिकडे सकाळ होती. बाईंनी आईला गावाचं नाव दोनदा मोठ्याने सांगितलं. पलीकडून तेच नाव म्हाताऱ्या आवाजात सावकाश परत आलं. बाईंचे डोळे भरले आणि त्या हसायलाही लागल्या. म्हाताऱ्यांनी हात पुढे करून रिसीव्हर घेतला.

"आजी, तुमचा आजा आमच्याकडं बरा हाय. काय कालजी करू नुको. रोज बायकांच्या गप्पा आयकतंय."

पलीकडून बराच वेळ इंग्रजी ऐकू येत राहिलं. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान डोलावली आणि रिसीव्हर परत दिला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"जाते म्हनाली गावाला."