खुणेच्या बाई

खुणेच्या बाईंचे हात कधी स्वस्थ बसले नाहीत. एसटीत शेजारीण सुनेची गाऱ्हाणी सांगत असली, तरी यांची बोटं पदराआड तिचं एकेक वाक्य खुणांत बांधत असायची. मानवतच्या गाडीचा कंडक्टर तर बाई जप करतात असं समजून त्यांना नमस्कार करायचा. बाईंनी त्याला कधी खरं सांगितलं नाही.

सेलूला कर्णबधिर मुलींच्या शाळेत माझी शीतल त्यांच्या हाताखाली शिकली. आपण बोलतो तीच मराठी, शब्दामागून शब्द, हातांनी मांडायची, 'ला' आणि 'ने' यांनासुद्धा वेगळी खूण, ही पद्धत बाईंनी स्वतः जुळवली होती. दर शनिवारी त्या आम्हा आयांना सतरंजीवर बसवून ती घोकून घ्यायच्या. मी कंटाळले की म्हणायच्या, "शिका माय. लेकरू आपल्याच घरात मुकं ऱ्हाऊ नये." शीतलनं हातांनी पहिल्यांदा विचारलं, आई, तुला बरं नाही का? त्या दिवशी मी पोळ्या टाकून रडत बसले.

मुलींची आपसातली भाषा मात्र निराळी होती, भरभर, डोळ्या-भुवयांची. बाई वसतिगृहात शिरल्या की मुली सावरून बसत आणि सावकाश, बाईंच्या पद्धतीनं बोलू लागत. पुढे नवे शिक्षक आले आणि त्यांनी मुलींचीच भाषा वर्गात आणली. बाईंनी वाद घातला नाही. "पाहुण्यासमोर बोलावं तशा बोलायल्यात पोरी माझ्यासमोर. मलाच कळायला उशीर लागला," एवढंच म्हणाल्या. त्यांचं तोंड मला बघवेना.

निवृत्तीनंतर त्या वालूरला मुलाकडे राहिल्या. गेल्या वर्षी अर्धांगवायूनं वाचा गेली, उजवा हात गेला. शीतल आणि मी भेटायला गेलो, तर डावा हात रुमालानं खाटेला बांधलेला. सून बिचारी म्हणाली, "सारखा हात हलवायल्यात. झटके यायलेत, लागंल म्हणून बांधला." घरात कुणालाच बाईंची एकही खूण येत नव्हती. इतके दिवस बाई बोलत होत्या आणि कुणाला पत्ताच नव्हता.

शीतलनं रुमाल सोडला. हात लगेच चालू झाला. तिनं तो नीट पाहिला आणि मला खुणेनं सांगितलं: बाई विचारतायत, पोरी जेवल्या का?

सगळ्या जेवल्या, असं शीतलनं त्यांच्याच पद्धतीनं, सावकाश सांगितलं. बाईंनी डोळे मिटले.

"थांबले बगा झटके," सून म्हणाली.

मी तिला शेजारी बसवलं आणि पाण्याची खूण शिकवली. बाई त्यानंतर फार राहिल्या नाहीत. पण होत्या तोवर पाणी मागून प्यायल्या.