आज मी चहा विचारला नाही

मंडळी, आज दुपारी मी सूड उगवला आणि अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

इथे हिंदी मुलखात, पंडरीच्या कापडबाजारात, साड्यांच्या ठोक दुकानात मी कित्येक वर्षं माल दाखवते. किमान वेतन वाढलं तेव्हा भैयांनी, म्हणजे मालकांनी, मला कुशल कामगारांतून काढून कागदावर ‘हेल्पर’ केलं. म्हणाले, "दीदी, नाम ही तो बदला है, काम वही है." हेल्परचं किमान वेतन कमी, त्यामुळे पगारही तोच राहिला.

भैयांना मराठी कळत नाही. नागपूरचे व्यापारी आपसात मराठीत बोलतात आणि मी ऐकते. ते नुसतं नाटक करत असले की मी विचारते, "भैया, चाय मंगाऊँ?" म्हणजे भाव सोडू नका.

आज एक व्यापारी सोबत्याला म्हणाला, "माल तर हाच न्यायचा आहे. तू फक्त उठून चालू लाग, मंग पाह्य हा कसा भाव पाडते."

सोबती उठला. भैयांनी माझ्याकडे पाहिलं. मी साडीची घडी घालत राहिले. भाव पडला, चांगलाच पडला.

ते गेल्यावर भैया ओरडले, "दीदी, आज चाय काहे नहीं पूछी?"

"वो कुशल काम है, भैया. मैं तो हेल्पर हूँ."

घरी येताना मनात आलं, हा अप्रामाणिकपणा तर नाही? असेलही. किमान वेतन वाढायलाच हवं, पण माणसाला कागदावर खाली ढकलायची ही पळवाट आधी बुजवा. तोवर भैयांना माझ्याकडून चहा नाही.

तुम्ही माझ्या जागी असता तर विचारला असता?