खुर्चीचं दान

शिलाहारांचं राज्य बुडाल्याचं दुःख सबंध कुलाबा जिल्ह्यात एकाच माणसाला झालं, ते म्हणजे चौलच्या शाळेतले आमचे इतिहासाचे मास्तर. गावाला त्या राजांचा पत्ताही नव्हता, पण मास्तर ते परवापरवापर्यंत शेजारच्या वाडीत राहत असल्यासारखे बोलत. शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला, हा धडा आला की त्यांचा गळा दाटून येई आणि पुढे आठवडाभर ते वर्गातल्या जाधवाकडे आठ्या घालून बघत. "गुरुजी, मी न्हाय बुडवला त्याला," तो रडकुंडीला येऊन सांगे. "तू नाहीस रे, पण घराणं तेच," असं म्हणून मास्तर त्याच्या हातावर आवळा ठेवत.

त्यांचं खरं वेड दानाचं. जुने राजे जमीन दान देत तेव्हा तिथे दगड उभा करत. वर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान. खाली गाढव, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप. तसला एक दगड गावातल्या एका वाडीत होता आणि त्यावर वाडीवाली धुणं आपटी. त्यातलं गाढव नेमकं काय करतंय, हे विचारलं की मास्तर घाईघाईने चंद्रसूर्याकडे वळत. रीत मात्र त्यांनी वर्गात चालू केली. चांगलं उत्तर दिलं की बाकावरची जागा दान: हातावर तांब्यातलं पाणी सोडायचं आणि खडूने चंद्र, सूर्य, गाढव काढायचं. एकट्या जाधवाला असली दानाची जागा मिळाली नाही. चांगल्या जागा संपल्या तेव्हा कोळीवाड्यातल्या एका मुलीला मास्तरांनी स्वतःची खुर्चीच देऊन टाकली, तिच्या पाठीवर खडूने तिन्ही चित्रं काढली आणि पुढे रोज उभ्याने शिकवलं.

त्याच वर्षी त्यांना नोकरीत कायम करायचं की नाही, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. साहेब आले, आम्ही नमस्काराला उठलो आणि ते थेट त्या खुर्चीत टेकून बसले. "सायब, ती माजी हाय," मुलगी म्हणाली, "चंद्रसूर्य हायत तवर." साहेब चिडून उठले, मास्तरांकडे वळले आणि त्यांच्या काळ्या कोटाच्या पाठीवर उमटलेलं गाढव आम्हांला दिसलं. वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. जाधव तेवढा कळवळून म्हणाला, "सायब, माज्या जागंवर बसा, तितं गाढव न्हाय."

"ती चित्रं पुसा आणि खुर्ची इकडे घ्या," साहेब कडाडले. मास्तरांनी फडकं हातात घेतलं. पण ते म्हणाले, "साहेब, स्टूल आणून देतो. दिलेलं परत नाही घेता येत."

शेरा आला, वर्गात शिस्त नाही. मास्तरांची नोकरी गेली आणि म्हसळ्याला कुठेतरी जागा मिळाली. निघायच्या दिवशी ते निरोप घ्यायला आले, तेव्हा मुलीने खुर्ची त्यांच्यापुढे आणून ठेवली आणि त्यांच्या हातावर तांब्यातलं पाणी सोडलं. "गुरुजी, मी देतंय. आता बसा."

मास्तर बसले. शिलाहारांसाठी दाटायचा तो गळा त्या दिवशी आमच्यासाठी दाटला, आणि मला तर रडूच फुटलं.

मग नवे मास्तर आले. चांगले होते बिचारे. पण ते त्या खुर्चीत बसले की आम्हांला उगाच वाटायचं, यांनी आधी म्हसळ्याला विचारायला हवं होतं.