एक गोळा कमी

पूर्णेच्या काठाला आमची बावीस एकर जमीन आहे. तिच्यातली निम्मी पडीत, अगदी नदीला लागून. दर पावसाळ्यात पुराचं पाणी तिच्यावरून जातं, म्हणून तिथे आम्ही कधी पेरलं नाही. गवत वाढू दिलं आणि गुरं चारली. गावात आम्हाला आजही गायीवालेच म्हणतात.

आजोबा बंदूक बाळगायचे. ससे, तितर, कधी रानडुक्कर मारून आणायचे. वडिलांनी मात्र तरुणपणीच महानुभाव पंथाचा उपदेश घेतला, तेव्हापासून घरात मांस शिजलं नाही. माझ्या थोरल्या भावाला आजोबांचा नाद लागला होता. अकोल्याचे त्याचे तीन-चार मित्र रविवारी यायचे. गळ टाकायचे, डोहात पोहायचे, बाभळीखाली चूल मांडून मटण शिजवायचे. वडील त्या बाजूला फिरकत नसत. मीही त्यांच्यात जायचो आणि मला ते रविवार आवडायचे, हे खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डुकरं फार वाढली होती. एका शनिवारी भावाचा मित्र एका अनोळखी माणसाला घेऊन आला. त्याच्या पिशवीत कणकेचे गोळे होते, आत स्फोटक भरलेलं. डुकराने चावला की तोंडातच फुटतो. हे कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वडील पंथाच्या तीर्थाला, रिद्धपूरला गेले होते, रविवारी संध्याकाळी परतणार होते. दिवस मावळता त्या माणसाने नदीकाठच्या गवतात सात गोळे ठेवले.

सकाळी गोळे वेचले तर सहाच सापडले. डुक्कर एकही मेलं नव्हतं.

"एखांदा कोल्ह्यानं उचलून नेला असंल," भाऊ म्हणाला. "तरी पण आज गुरं खाली सोडू नका म्हण मामाले." एवढं सांगून तो मित्रांबरोबर गाडीत बसून निघून गेला.

मामा म्हणजे आमचे गायकी. वीस वर्षं आमची गुरं तेच राखत होते. साडेआठला ते काठी घेऊन आले. मलाही ते भाऊच म्हणायचे.

"भाऊ, आज खाली सोडतो गुरं. वरतं काईच नाही राह्यलं खायाले."

नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मामांना सांगितलं की वडिलांना कळलंच. मी म्हटलं, "थांबा जरा." एकटाच खाली उतरलो आणि अर्धा तास काठीने गवत चाळलं. काही दिसलं नाही. कोल्ह्यानेच नेला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"सोडा," मी म्हणालो.

दहाच्या सुमारास आवाज झाला, टायर फुटावा तसा. गुरं उधळून वर आली. सगळ्यात शेवटी कबरी आली, चालत. दोन महिन्यांपूर्वीच व्यालेली गाय. तिचा खालचा जबडा कातड्याला लोंबत होता आणि जीभ छातीपर्यंत आली होती. ती हंबरली नाही. तिला हंबरता येत नसावं. मागून वासरू आलं आणि तिच्या कासेला तोंड लावू लागलं.

मामांनी आपलं धोतर फाडून तिच्या तोंडाला बांधलं. "भाऊ, हे काय होतं हो?" ते मला विचारत होते. मी फोन लावत होतो. भावाने उचलला नाही.

डॉक्टर तालुक्याहून आले. जखम धुऊन म्हणाले, "जबडा उरलाच नाही. ही खाऊ शकणार नाही. कायमचं झोपेचं इंजेक्शन देणं हाच उपाय आहे. पण मालकांचा होकार लागेल."

संध्याकाळी वडील आले. पाय न धुता गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग मामांना विचारलं, "खाली काहून सोडलं?"

"भाऊले इचारूनच सोडलं, मालक."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"व्हय," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. इंजेक्शनाला मात्र त्यांनी नकार दिला. जीव घेणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. "धर इचं डोकं," एवढंच म्हणाले. मी डोकं धरलं. ते बांबूच्या नळीने घशात पेज ओतू लागले. निम्मी पेज रक्तासकट माझ्या हातांवरून खाली यायची. असं तीन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी जखमेला वास सुटला, माश्या बसू लागल्या. मामा कडुनिंबाची फांदी घेऊन माश्या वारत होते.

बुधवारी सकाळी तिने मान टाकली, पण जीव जाईना. वडील उठले, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बोलाव डॉक्टरले." इंजेक्शन देताना ते तिच्याजवळच बसून होते.

दुपारी भाऊ आला. आम्ही दोघांनी वरच्या अंगाला खड्डा खणला. तो खणता खणता रडत होता. मध्येच फावडं टेकवून म्हणाला, "तुले सांगतलं होतं ना मी, खाली सोडू नको म्हणून?"

ते खरंच होतं. गोळे आणू देणारा तो, आणि गुरं सोडणारा मी. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. तो आता अकोल्यातच राहतो, सणावारालाही येत नाही. वडिलांनी त्याला येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असंही म्हटलं नाही.

वासरू दुसऱ्या गाईच्या दुधावर जगलं. वडील त्यानंतर रिद्धपूरला गेले नाहीत. का, ते मी विचारलं नाही.

मामा दिवाळीपर्यंत राहिले, मग त्यांनी काम सोडलं. जायच्या दिवशी मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो आणि वाटेत माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"गोळा सापडला नाही, हे मले सांगतलं असतं," ते म्हणाले, "तर मीबी शोधला असता. मले गवत मालूम हाये."

एवढं बोलून ते बसमध्ये चढले.