सासूबाई नोंदीत नव्हत्या

"देव म्हंतोय हाय. तुजं यंत्र म्हंतंय न्हाई. आता मी कुनाचं ऐकू, तूच सांग."

"देवालाच नंबर इचारा की मग."

"देव नंबर सांगत नसतोय, सिऊ-लुआन."

"मग मी काय सांगनार, काका? मी उदबत्त्या इकती."

खिम-हाई म्हातारा दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर गमबूट न काढताच बसला होता. कालवांच्या खाजणातनं तसाच उठून आलेला. फरशीवर चिखलाची पावलं उमटली होती आणि सिऊ-लुआन त्याच्या तोंडाकडं न बघता त्या पावलांकडं बघत होती.

म्हाताऱ्याला आई सापडत नव्हती. तो बारका असताना ती मेली. बापानं दुसरी केली. दुसरीनं पहिलीच्या थडग्याकडं कुणाला फिरकू दिलं नाही. मिसरूड फुटायच्या आत खिम-हाई मोठ्या जहाजांवर मासे धरायला गेला, तो केस पांढरे करूनच माघारी आला. तवर जुन्या स्मशानात पुरुषभर गवत माजलेलं. आता ते स्मशानच उठवायचं ठरलं होतं. नंबर सांगून जो आपलं माणूस मागून घेईल, त्याच्या माणसाची हाडं कलशात घालून नव्या मनोऱ्यातल्या कप्प्यात ठेवणार. सोमवारपर्यंत ज्यांना कुणी मागणार नाही, ती सगळी एका खोलीत, एकमेकांत मिसळून. म्हाताऱ्यानं बापाच्या डावीकडचा कप्पा आईसाठी धरून ठेवला होता. सावत्र आई उजवीकडं होतीच. मधी बाप बसू दे, दोघींना काय भांडायचं ते भांडू दे, असं त्याचं म्हणणं.

स्मशानाच्या तोंडाला भूमीदेवाची घुमटी आहे. तिथं त्यानं लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून कौल लावला. आई हितंच हाय का? एक कोर उताणी, एक पालथी, म्हणजे हो. तीनदा टाकल्या, तीनदा हो. त्या बळावर तो दुकानात आला होता.

सिऊ-लुआनपाशी यायचं कारण असं. बाई देवाधर्माचं सामान विकते. उदबत्त्या, मेणबत्त्या, पितरांसाठी जाळायचे सोनेरी कागद. पण आमच्या सुआलूनमध्ये तिचं नाव झालं ते पोरानं टाकून दिलेल्या संगणकामुळं. नवरा वारल्यावर होडीतल्या त्याच्या वाट्याची मासळी विकायला ती बंदरावर जायची, तेव्हा दलाल भाव पाडून सांगतो असा तिला संशय होता. सरकार रोजचे भाव नेटवर सगळ्यांसाठी मांडतं, हे तिला कळलं. देशभरच्या भावांतनं आपलं बंदर, आपला मासा आणि आजचा दिवस तेवढा गाळून कसा काढायचा, हे ती एकटीच बसून शिकली. दलालाला तिनं एक शब्द सुनावला नाही. नुसता कागद छापून त्याच्या तराजूखाली ठेवला. तेव्हापास्नं हरवलेलं कुत्रं असो, बसची वेळ असो, माणसं तिच्या दारात. ती कुणाला बस म्हणत नाही, पण उठवतही नाही.

गावच्या सरकारी कार्यालयानं स्मशानातल्या थडग्याथडग्याला बांबूची काठी ठोकून नंबर दिला होता, फोटो काढले होते आणि सगळी नोंद नेटवर उघडी टाकली होती. आडनाव, बाई की बाप्या, गाव, मेल्याचं साल, फोटो. सिऊ-लुआन एकेक चाळण लावायची. आडनाव आंग. बाई. गाव सुआलून. खाली पाच-सहाच ओळी उरायच्या, त्यातली एकही खिम-हाईची आई नसायची. काल तेच झालं, आजही तेच.

"आगं," म्हातारा म्हणाला, "तुजी चाळणच फाटली आसंल."

हे तिला लागलं. देव खोटा म्हणायची तिला सोय नव्हती. उदबत्त्या विकणारीनं देव खोटा म्हटला तर दुकान कुणाच्या जिवावर चालवायचं? पण चाळण फाटकी म्हणणं म्हणजे थेट तिच्यावर आलं.

"थांबा, दावते," ती म्हणाली. "माजी सासू त्याच रानात हाय. तिच्या काठीवरचा नंबर बघून मी तिला कवाच मागून घेतलीया. आता तिला हुडकून दावते. मग तुमी घरला जायाचं."

तिनं सासूचं आडनाव घातलं. बाई. सुआलून. कळ दाबली.

सासू नव्हती.

सिऊ-लुआननं पुन्हा दाबली. सासू पुन्हा नव्हती. गेल्याच महिन्यात तिच्या उशाला बसून गवत उपटलं होतं, संत्री आणि शिजवलेलं डुकराचं मटण ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं गमबूट काढून दाराबाहेर ठेवले. आता वेळ लागणार हे त्याला कळलं होतं.

तिनं सगळ्या चाळणी काढून टाकल्या आणि नुसता काठीवरचा नंबर घातला. सासू आली. फोटोसकट. गावाच्या रकान्यात लिहिलं होतं, लाम-आन.

लाम-आन समुद्रापलीकडं आहे. सासूबाई हयातीत दाताच्या डॉक्टरपलीकडं कुठं गेल्या नव्हत्या.

आमच्याकडं दगडाच्या माथ्यावर मेलेल्याचं गाव कोरत नाहीत. ज्या गावावरनं मूळ पुरुषाची होडी निघाली, ते गाव कोरतात. पिढ्या गेल्या, कुणी तिकडं पाऊल ठेवलेलं नसतं, पण दगडावर तेच. फोटो बघून नोंद करणाऱ्यानं माथ्यावरची अक्षरं उचलली आणि गावाच्या रकान्यात बसवली. ज्या दगडावरची अक्षरं झिजली होती, तेवढ्यांच्याच नशिबी सुआलून आलं. सगळं रान कागदोपत्री परमुलखातलं झालं होतं.

"दरसाल फडक्यानं पुसतिया मी ती अक्षरं," सिऊ-लुआन म्हणाली. एवढंच म्हणाली.

गावाची चाळण काढल्यावर आंगांच्या बायका पडदाभर सांडल्या. हा किनाराच आंगांचा. मग तिनं आई कुठल्या साली गेली ते विचारलं. आकडा म्हाताऱ्याला सांगता येईना, पण बारा जनावरांच्या नावांनी फिरणाऱ्या सालांतलं ते उंदराचं साल होतं हे पक्कं. उंदराचं साल लावलं. ओंजळभर उरल्या. ती एकेक फोटो उघडत गेली आणि म्हातारा मान हलवत गेला. नाही. नाही. ही तर चांगल्या घरची, फरशी बसवलीय.

पुढच्या फोटोत दगड कलला होता. भोवती सिमेंटचा ओबडधोबड कठडा, आणि त्यात कालवांचे शिंपले रोवलेले, दातासारखे.

म्हाताऱ्यानं मान हलवली नाही.

"शिंपलं मी आनलं हुतं," तो म्हणाला. "बापाच्या मागनं, टोपलीत. त्यो म्हनला, मोटं मोटं निवड."

सिऊ-लुआननं नंबर पुड्याच्या कागदावर मोठा लिहून त्याच्या हातात दिला. ऑफिस बंद व्हायच्या आत जावा म्हणाली. त्यानं बाहेर जाऊन गमबूट घातले, मग दारातनं परत डोकं आत घातलं.

"तुज्या सासूला सांग, लई उपकार झालं."

"तिला कशाला? जिती हुती तवा तरी कवा धड सापडली मला?"

म्हातारा गेला. तिनं फरशी पुसली. मग सोनेरी कागदांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि पितरांच्या सोन्याच्या लगडी घडायला बसली. दोन-चार घडून झाल्यावर हात थांबला. आठवड्याभरात तिनं आणखीही माणसं माघारी धाडली होती. तिनं फोन लावला, कान आणि खांद्याच्या मधी धरला आणि पुढचा कागद उचलला.

"हां, सिऊ-लुआन बोलतिया. तुमचं आजोबा हाईत... व्हय, काल न्हाईत म्हनले हुते. आज हाईत. चिखलाचं बूट घालून येऊ नगा."