चुन्याने आखलेलं घर

“तिला काय विचारतोस, इंग्लिश मीडियमवाली आहे ती. नुसती मान हलवेल,” बाबांनी मला माप बरोबर आहे का विचारलं, तसे चाळीचे सेक्रेटरी काका त्यांना म्हणाले आणि चुन्याची रेघ पुढे ओढत राहिले.

मी तिथेच उभी होते. मान हलवली नाही.

जोगेश्वरीतली आमची चाळ पाडून टॉवर होणार होता. आमच्या खोल्या पंधरा बाय पंधरा, म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट. बिल्डरने दुप्पट जागा देऊ केली होती, साडेचारशे. हात वर करून संमती द्यायची होती. त्याआधी नवं घर केवढं होईल ते सगळ्यांना दिसावं म्हणून, गणपतीचा मंडप घालतो त्या जागी काकांनी ते चुन्याने आखलं. दुप्पट, म्हणून तीस बाय तीस.

रेघ पुरी होताच बायका आत शिरल्या. शेजारच्या मावशींनी देव्हाऱ्याची जागा धरली, त्यांच्या सुनेने फ्रिजची. माझी आई एका कोपऱ्यात जाऊन म्हणाली, ही हिची खोली, आतून कडी लागणारी. मी अजून कपाटाचं दार उघडून त्याच्याआड कपडे बदलते.

बिल्डरचा माणूस खुर्चीत बसून हे बघत होता. इंजिनिअर होता. बरोबर आहे ना, असं काकांनी त्याला विचारलं.

“तुमचंच घर आहे, मांडा हवं तसं,” तो म्हणाला आणि मोबाईलकडे बघत हसला.

त्या हसण्याने माझे कान तापले. माप चुकलंय हे त्याला कळत होतं. आईला कोपऱ्यात उभी बघूनही तो गप्प होता.

शाळेचाही राग आला. तिथे स्क्वेअर रूट म्हणजे एक वाकडी खूण आणि पाठ केलेली उत्तरं. पण ते असतं काय, असं मी एकदा विचारलं, तर टीचर म्हणाल्या, ते परीक्षेत येत नाही. वर्ग हसला. मी विचारणंच सोडलं. ते पुढे माझं मलाच कळलं: चौरसाची जागा ठाऊक असली की त्याची बाजू किती, एवढंच तर ते सांगतं. जागा दुप्पट झाली म्हणून बाजू दुप्पट होत नाही. आमच्या दोन खोल्या शेजारी ठेवल्या की झालं दुप्पट. काकांनी लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट करून चार आखल्या होत्या.

“चला, हात वर करा,” काका म्हणाले. पहिला हात आईचा वर गेला. मी चुन्याच्या रेघेवरून आत गेले आणि तिचा हात धरून खाली आणला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“काका, ही चार खोल्यांची जागा आहे. आपल्याला दोन खोल्यांएवढी मिळणार. साडेचारशेचा स्क्वेअर रूट एकवीस आणि वर थोडंसं. चौरस घर दिलं तर बाजू तेवढीच. हे या इंजिनिअरना मघापासून माहीत आहे. यांना उठवा खुर्चीतून आणि खरं घर आखायला सांगा.”